नवं सुरू झालं, जुनं सुटेना

प्रश्न : हिशेब विभागात मला 22 वर्षं झाली. दोन महिन्यांपूर्वी जुनी प्रणाली बंद करून नवं सॉफ्टवेअर आणलं. प्रशिक्षण दीड दिवसाचं. तेव्हा सगळं कळलं, पण टेबलाशी बसलं की हात अडतो. दहा मिनिटांच्या कामाला अर्धा तास लागतो. नवी मुलं भराभर पुढे जातात. वयामुळे असेल का? भीतीपोटी जुन्या एक्सेल फायलीतही गुपचूप नोंदी ठेवते आहे.

उत्तर : वयाला दोष देण्याआधी बोटांकडे पाहा. जुन्या प्रणालीत एंटर दाबलं की पुढचा रकाना येत असेल, तर ते बोटांत मुरलेलं आहे. नव्या ठिकाणी त्याच एंटरने नोंद जतन होत असली, की अर्धवट व्हाउचर पुढे जातं. मग ते रद्द करा, कारण लिहा, मंजुरी घ्या. वेळ खातं ते हे निस्तरणं. नव्या मुलांना मोडायला जुनी सवयच नाही, म्हणून ती पुढे दिसतात.

आठवडाभर नुसतं टिपा, कोणतं काम किती वेळा येतं. सर्वांत जास्त वेळा येणारी तीन कामं निवडा आणि प्रत्येकाचं पोस्टकार्डाएवढं कार्ड करा: कोणत्या मेनूतून जायचं, कोणत्या क्रमाने, जतन करण्याआधी काय तपासायचं. कार्ड काम करता करता स्वतःच्या हाताने लिहा. प्रशिक्षणाची पुस्तिका मेनूच्या क्रमाने लिहिलेली असते, तुमचं काम त्या क्रमाने येत नाही. कार्डाकडे न बघता सलग पाच वेळा बिनचूक जमलं, की पुढची तीन कामं घ्या.

सोबत चुकांची वही ठेवा, तीन रकान्यांची: काय दाबलं, काय झालं, काय दाबायला हवं होतं. दोन आठवड्यांत एकदोन चुका पुन्हापुन्हा दिसतील. त्या बटणावर रंगीत चिकटपट्टीचा बारीक तुकडा लावा. पोरकट वाटेल, पण बोट क्षणभर थबकतं आणि तेवढंच पुरतं. शंका दिवसभर शेजारच्याला विचारत बसू नका. साठवा आणि ठरलेल्या वेळी 15 मिनिटांत एकदम विचारा.

ती गुपचूप फाईल मात्र बंद करा. समांतर नोंदी एका महिनाअखेरीचा ताळा जुळेपर्यंत ठीक, तेही वरिष्ठांना सांगून. लपवून ठेवलेली फाईल एक दिवस मुख्य नोंदींशी जुळत नाही, आणि खरा आकडा कोणता हे तुम्हालाच सिद्ध करावं लागतं. शिवाय ती हाताशी आहे तोवर हात नव्याकडे वळायचा नाही. वरिष्ठांशी बोलताना ‘जमत नाही’ म्हणू नका. ‘पुढचे चार आठवडे या तीन कामांना दीडपट वेळ लागेल, महिनाअखेर वेळेत देते’ असं सांगा. त्यावर त्यांना काही तजवीज करता येते.

आणखी एक. पूर्वी अडलं की लोक तुमच्याकडे यायचे. तो मान गेला, त्याचं वाईट वाटणारच. पण कोणती नोंद संशयास्पद आहे हे ओळखणारी नजर जुन्या प्रणालीबरोबर गेलेली नाही. तपासणीचं काम मागून घ्या.

प्रश्न : हे तीन महिन्यांपूर्वी निवृत्त झाले. आता दिवसभर घरात. डबे कुठे ठेवायचे इथपासून सूचना चालू. मी चिडते, मग मलाच अपराधी वाटतं. एखादा छंद लावून घ्या म्हटलं तर ऐकत नाहीत.

उत्तर : छंदाचा सल्ला बहुधा फसतो, कारण नोकरीने नुसता वेळ भरलेला नसतो. ऑस्ट्रियातल्या मारिएन्थाल गावात कापडगिरणी बंद पडल्यावर मारी याहोडा आणि सहकाऱ्यांनी तिथल्या बेकारांचा अभ्यास केला, तो 1933 मध्ये प्रसिद्ध झाला. हाती मुबलक वेळ होता, तरी वाचनालयातून पुस्तकं नेणं उलट कमी झालं होतं. निवृत्ती म्हणजे बेकारी नव्हे, पण दिवसाचा सांगाडा दोन्हींत निसटतो.

म्हणून छंद शोधण्याआधी त्यांनाच एक कागद करू द्या. डावीकडे नोकरीने दिलेल्या गोष्टी: उठायची वेळ, जायची जागा, बोलायला माणसं, आपल्यावाचून कुणाचं तरी अडणं, चारचौघांत ओळख. उजवीकडे, ते आता कुठून मिळतं. बहुतेकदा ‘अडणं’ याच्यासमोर काहीच नसतं, आणि डब्यांच्या सूचना तिथूनच येतात. आठवड्यातून दोनदा तरी असं काम हवं, की ते गेले नाहीत तर कुणीतरी फोन करून विचारेल.

घरातलं एखादं काम पूर्ण त्यांच्याकडे द्या, बिलं किंवा दुरुस्त्या. पूर्ण म्हणजे पद्धतही त्यांची. तुम्ही मागून नीटनेटकं करायला गेलात, की तो कारभार पंधरा दिवसांत परत तुमच्या गळ्यात. आणि तुमचंही काही गेलं आहे: ती एकटीची दुपार. दिवसातले दोन तास घर तुमचं, हे भांडण नसताना सांगून ठरवा. अपराधी वाटायचं कारण नाही.

दोन आठवड्यांहून जास्त दिवस त्यांची झोप-भूक बिघडलेली असेल, कशातच रस उरला नसेल, तर ‘रुळतील हळूहळू’ म्हणत थांबू नका, डॉक्टरांना दाखवा.

प्रश्न : सहा महिन्यांत लग्न, नवं घर, नवी नोकरी. सगळं मनासारखं. तरी झोप येत नाही, उगाच चिडचिड होते. सुख दुखतंय का?

उत्तर : थकवा आहे तो. थॉमस होम्स आणि रिचर्ड राही यांनी 1967 मध्ये 43 घटनांना ताणाचे गुण दिले. त्यात लग्नाला 50, नोकरीवरून काढलं जाण्याला 47! घटना आनंदाची असो वा नसो, जुळवून घ्यावं लागतंच. ही मोजपट्टी ढोबळ आहे, बेरीज करून भविष्य काढत बसू नका.

तीन महिने आणखी कोणताही बदल अंगावर घेऊ नका, हौसेचासुद्धा. झोपायची वेळ बांधायच्या खटाटोपात पडू नका, उठायची बांधा, सुटीच्या दिवशीही तीच, आणि उठल्यावर लगेच उजेडात जा. मिळालं त्याची यादी सगळेच करतात, तुम्ही सुटलं त्याची करा: जुन्या खोलीची किल्ली, उशिरा आलं तरी कुणाला कळवावं न लागणं. हे कागदावर उतरलं, की जोडीदाराशी नेमकं बोलता येतं.

प्रश्न : 21 दिवसांत सवय लागते, हे खरं का?

उत्तर : नाही. प्लास्टिक सर्जन मॅक्सवेल माल्ट्झ यांनी 1960 मध्ये रुग्णांकडे पाहून लिहिलं होतं ‘किमान 21 दिवस’. त्यातला ‘किमान’ वाटेत गळला. युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनमधल्या फिलिपा लॅली यांच्या अभ्यासात दिवसांचा अंदाज निघाला 18 ते 254, मध्यक 66, म्हणजे निम्म्यांना त्याहून कमी, निम्म्यांना जास्त. खाण्यापिण्याच्या साध्या सवयी लवकर लागल्या, व्यायामाला जास्त दिवस गेले. एखादा दिवस चुकल्याने फारसं बिघडलं नाही.

‘रोज व्यायाम करीन’ यापेक्षा ‘दात घासून झाले की दहा जोर’ असं ठरवा. आणि चुकलेल्या दिवसाची भरपाई म्हणून दुसऱ्या दिवशी वीस काढू नका. अंग दुखतं आणि तिसरा दिवसही जातो.