आजीला जत्रा कळते, तिलाच पुढे चालू द्या

प्रश्न : आम्ही मेरीलँडमध्ये राहतो. ऑगस्टअखेर सासू-सासरे तीन महिन्यांसाठी येत आहेत. मुलगा अकरा वर्षांचा, मुलगी सहाची. दोघांनी क्राउन्सव्हिलच्या रेनिसान्स फेस्टिव्हलचा, म्हणजे सोळाव्या शतकातल्या इंग्लंडचं सोंग घेऊन भरणाऱ्या मेळ्याचा, हट्ट धरलाय. सासूबाई पक्क्या शाकाहारी, सासऱ्यांचे गुडघे दुखतात आणि भरभर बोललेलं इंग्रजी दोघांनाही कळत नाही. दिवसभर एका बाकावर अवघडून बसतील अशी भीती वाटते. त्यांना न्यावं, की घरी ठेवून आम्ही चौघांनीच जाऊन यावं?

उत्तर : न्या. माझं तर म्हणणं आहे, त्या दिवशी नातवंडांना आजी-आजोबांच्या हवाली करा आणि तुम्ही दोघं मागून चाला.

या फेस्टिव्हलला आपण उगाच 'थीम पार्क' समजतो आणि मग म्हाताऱ्या माणसांना तिथे काय करमणार, असं वाटायला लागतं. खरं तर ही जत्रा आहे. मातीची वाट, दोन्ही बाजूंना दुकानं, ऐरणीवर घण घालणारा लोहार, भट्टीपुढे काच फुंकणारा कारागीर, चाकावर माती चढवणारा कुंभार, दोरीवर चालणारा, तलवार घशात उतरवणारा. शिवाय दिवसभर आपलं सोंग न सोडता गर्दीत फिरणारे राजा, राणी, भिकारी आणि सरदार. असं सोंग आपल्याकडे बहुरूपी घेतो. तो हवालदार होऊन दारात आला की आपणही दोन मिनिटं चोर होतो. तुमच्या मुलांना हा खेळ नवा आहे. सासूबाईंना तो लहानपणापासून ठाऊक आहे.

भाषेची काळजी करू नका. तिथले नट चारशे-पाचशे वर्षांपूर्वीच्या वळणाचं इंग्रजी बोलतात. शेजारी बसलेल्या अमेरिकन माणसालाही त्यातलं निम्मं कळत नाही. सगळेच हातवाऱ्यांवर आणि चेहऱ्यावर समजून घेतात. काही वर्षांपूर्वी माझी आई आली होती, तेव्हा दोरीवरचा खेळ बघताना तिने माझ्या लेकाला डोंबाऱ्याची गोष्ट सांगितली. आडवा बांबू हातात धरून चालणारी मुलगी, खाली ढोलकी वाजवणारा बाप, पसरलेल्या चादरीवर पडणारी नाणी. खेळ संपला आणि खेळ करणाऱ्याने टोपी फिरवली, तेव्हा लेक स्वतःहून उठून पैसे टाकून आला. ही टोपी विसरू नका. अनेक कलावंतांची बरीचशी कमाई त्या टोपीतच असते. एक आणि पाच डॉलरच्या नोटा सुट्ट्या करून आजीच्या पर्समध्ये ठेवा आणि वाटायचं काम तिच्याकडेच द्या.

आता तारीख. हा मेळा ऑगस्टच्या शेवटापासून ऑक्टोबरच्या शेवटापर्यंत शनिवार-रविवारी आणि लेबर डेच्या सोमवारी सकाळी दहा ते संध्याकाळी सात असा भरतो. तिकीट ठरावीक तारखेचं असतं, आधीच ऑनलाइन काढावं लागतं आणि चांगल्या हवेचे शनिवार आधीच संपतात. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये इथला दमट उकाडा सोसत नाही. म्हणून मी ऑक्टोबरचा पहिला किंवा दुसरा रविवार निवडीन. पण तिकीट काढण्याआधी मराठी कॅलेंडर उघडा. मंडळाचा गणपती आणि पुढे कोजागिरीचा कार्यक्रम शनिवार-रविवारीच असतो आणि सासूबाईंना त्याला जायचं असणारच. पितृपंधरवड्यात त्यांना नवी खरेदी नको असेल. नवरात्राचे उपास असतील, किंवा नेमकी संकष्टी त्याच दिवशी यायची. हे आधी विचारलं नाही, तर चारशे प्रकारच्या वासांत त्या माउलीला उपाशी फिरावं लागेल.

जाण्याआधी घरी मुलांना थोडी गोष्ट सांगा, म्हणजे तिथलं नाटक डोळ्यांसमोर उलगडेल. मेरीलँडच्या मेळ्यात 'रेव्हल ग्रोव्ह' नावाचं काल्पनिक इंग्रजी गाव असतं. राजा असतो आठवा हेन्री आणि दरवर्षी त्याच्या कारकिर्दीतलं पुढचं साल धरून कथानक रचतात. हेन्री गादीवर आला १५०९ मध्ये. पुढच्याच वर्षी, १५१० मध्ये, पोर्तुगीजांनी गोवा घेतला. ही दोन सालं मुलांना शेजारी शेजारी लिहून दाखवा. हेन्रीची मुलगी एलिझाबेथ १५३३ मध्ये जन्मली आणि आपल्या एकनाथांचं जन्मसालही बहुतेक ठिकाणी १५३३ च दिलेलं आढळतं. तिकडे लंडनच्या चौकात नाटकं रंगत होती, त्याच काळात पैठणला नाथांची भारुडं रचली जात होती. आजोबांना एखादं भारूड येत असेल तर गाडीत म्हणायला लावा. आणि थॉमस स्टीफन्सची गोष्ट तर सांगाच. एलिझाबेथच्या राज्यातला हा इंग्रज पाद्री १५७९ मध्ये गोव्याला आला, मराठी शिकला आणि त्याने दहा हजारांहून जास्त ओव्यांचं 'ख्रिस्तपुराण' मराठीत लिहिलं. ते १६१६ मध्ये छापलं गेलं. घरात मराठी बोलायला कंटाळणाऱ्या अकरा वर्षांच्या मुलाला हे ऐकू द्या.

एक सावधगिरी. हेन्रीच्या कथेत घटस्फोट आहेत आणि राण्यांची शिरंही उडतात. मंचावर कोणी काही दाखवत नाही, पण उल्लेख येतो. सहा वर्षांच्या मुलीला आधीच बेताने सांगून ठेवा. काही विनोदी खेळांत द्व्यर्थी बोलणं असतं, अगदी तमाशाच्या बतावणीसारखं. कार्यक्रमपत्रिकेत कोणता खेळ मोठ्यांसाठी आहे ते लिहिलेलं असतं, ते पाहून घ्या. दुपार कलली की बिअर आणि मधाची दारू पिणाऱ्यांची गर्दी वाढते. लहान मुलं बरोबर असताना सकाळचे चार तास सर्वांत चांगले.

घोड्यांवरचं भाल्यांचं द्वंद्व, म्हणजे जाउस्टिंग, चुकवू नका. मेरीलँडने १९६२ मध्ये हाच आपला राज्यखेळ म्हणून जाहीर केला. मैदानाच्या वेगवेगळ्या बाजू वेगवेगळ्या सरदाराच्या बाजूने ओरडतात, त्यामुळे जिथे बसाल तिथल्या सरदाराच्या नावाने 'हुझ्झा!' असा जुन्या इंग्रजी धाटणीचा जयघोष करायचा. सासऱ्यांना कुस्तीच्या फडाची आठवण आली तर त्यांना थांबवू नका, ओरडू द्या. अर्धा तास आधी जाऊन कडेची जागा धरा. बहुतेक बाकांना पाठ नसते, म्हणून घडीची उशी न्या.

गुडघ्यांसाठी : जमीन उंचसखल आहे, झाडांची मुळं वर आलेली असतात आणि पाऊस पडून गेला असेल तर चिखल. चपला नकोत, बूटच हवेत. काठी लागत असेल तर ती घरी ठेवायला लावू नका, तिथे निम्मी माणसं काठ्या घेऊनच हिंडत असतात. सत्तावीस एकरांचा तो परिसर एका दिवसात पुरा करायचाच, हा अट्टाहास सोडा. तीन खेळ, दोन कारागीर आणि एक द्वंद्व एवढंच ठरवा, बाकीचं वाटेत भेटेल ते. शौचालयं फिरती असतात. टिश्यू आणि पाण्याची छोटी रिकामी बाटली पिशवीत टाका, सासूबाई तुम्हाला दुवा देतील. रक्तदाबाच्या, मधुमेहाच्या गोळ्या आणि प्रवासी विम्याचं कार्ड अंगावरच ठेवा, गाडीत नको.

जेवणाचा खरा प्रश्न आहे. तिथली शान म्हणजे टर्कीची भाजलेली तंगडी, आणि बाकी बरंचसं मांसाचंच. शाकाहारी माणसाला भाजलेलं कणीस, प्रेट्झेल, चीजचे पदार्थ, तळलेल्या भाज्या असं काही ना काही मिळतं. पण तळण एकाच तेलात होतं का आणि सूपमध्ये मांसाचं पाणी आहे का, हे तुम्ही स्वतः विचारा. सासूबाईंवर सोडलंत तर संकोचाने त्या 'मला भूकच नाही' म्हणतील. बाहेरचं खाणं आत नेऊ देत नाहीत, म्हणून सकाळी घरून पोटभर पोहे खाऊन निघा आणि डबा गाडीत ठेवा. एवढं मात्र खरं की तिखट कुठेच मिळणार नाही. हेन्री गादीवर बसला तेव्हा आपल्या स्वयंपाकघरातही मिरची नव्हती. ती अमेरिका खंडातून पोर्तुगीजांच्या जहाजांवरून आली. बटाटा हा शब्दही त्यांचाच. आजोबांना हे ठाऊक असेल तर कणीस खाता खाता मुलांना सांगतील.

पोशाख हवाच असं नाही, पण मजा वाढते. दाराजवळ भाड्याने मिळतात. मला विचाराल तर सासूबाईंनी इरकली नऊवारी नेसावी. कासोटा असला की चालायला मोकळं वाटतं, जमिनीवर लोळणाऱ्या घागऱ्यापेक्षा कितीतरी सोयीचं. सोळाव्या शतकात गोव्यापर्यंत इंग्रज पोहोचलेच होते, तेव्हा कोणी 'माय लेडी, कोणत्या राज्यातून आलात?' विचारलं तर नात उत्तर देईल. खेळणी, पाळणे, धनुष्यबाण, सगळ्याचे पैसे वेगळे पडतात. प्रत्येक मुलाला सकाळीच पाकिटात ठरलेली रक्कम द्या. लाकडी तलवार निघताना घ्या, नाहीतर ती दिवसभर तुम्हालाच वागवावी लागते.

दुसरीकडे राहणाऱ्या वाचकांसाठी थोडक्यात. न्यू जर्सीकरांना टक्सीडोचा न्यूयॉर्क फेअर जवळ, तोही उन्हाळ्याच्या शेवटी. शिकागोकरांना केनोशाजवळचा ब्रिस्टल फेअर, तिथे साल असतं १५७४ आणि राणी एलिझाबेथ. ह्यूस्टनकरांना टॉड मिशनचा, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये. लॉस एंजेलिसवाल्यांना अर्विंडेलला वसंतात जाता येईल. या सगळ्या मेळ्यांची सुरुवात लॉस एंजेलिसलाच, १९६३ मध्ये, एका शिक्षिकेच्या पुढाकाराने झाली.

परतीचं सांगते. सात वाजता सगळे एकदम निघतात आणि गाड्या मुंगीच्या चालीने सरकतात. सासऱ्यांना तासभर गाडीत बसणं जड जाईल, म्हणून एक तर साडेपाचलाच निघा, नाहीतर गर्दी ओसरेपर्यंत वाहनतळावरच थांबा. डिकी उघडा, घडीच्या खुर्च्या मांडा, दशम्या, चटणी आणि दह्याचा डबा काढा. एव्हाना मुलं भुकेली असतील आणि आजीला तिच्या गावच्या जत्रेतलं आणखी काहीतरी आठवलेलं असेल.