पदवीला जेमतेम गुण असतील तर नोकरीची सुरुवात कशी करावी?

गुण जेमतेम असले तरी वाट बंद होत नाही. गुणांची चाळणी प्रामुख्याने मोठ्या कंपन्यांच्या पहिल्या फेरीत लागते. लहान कंपन्यांत अर्ज बहुधा प्रत्यक्ष काम करून घेणाऱ्याच्याच हाती पडतो, म्हणून आधी तेथे प्रयत्न करावा. अर्जात 'मेहनती' असे लिहिण्याऐवजी केलेले काम दाखवावे. हिशेबाच्या जागेसाठी अर्ज करताना 200 नोंदींचा एक्सेल तक्ता स्वतः तयार करून, जमाखर्चाचा मेळ कसा घातला आणि चूक कोणत्या नोंदीत सापडली हे सांगता आले, तर मुलाखतीतले बोलणे गुणांवरून कामाकडे वळते, हे मी मुलाखती घेताना पाहिले आहे. गुण मात्र लपवू नयेत. विचारल्यास एका वाक्यात खरे सांगावे. पहिल्या नोकरीत पगारापेक्षा शिकवणारा वरिष्ठ मिळतो का, हे जरूर पाहावे.