नारदाच्या गादीवरून मत मागू नकोस

सोलापूर, श्रावण

चिरंजीव,
राम कृष्ण हरी.

तुझं पत्र मिळालं. सप्ताहाच्या शेवटी तुझ्या काल्याच्या कीर्तनाला नेते येणार, त्यांच्यासाठी तू 'दोन शब्द' बोलावेस असा आयोजकांचा आग्रह आहे, आणि मान ठेवलास तर पुढच्या वर्षी आठ-दहा सप्ताहांच्या तारखा लावून देतो म्हणतात. बोलू नकोस. का, ते सविस्तर लिहितो. उद्या हाच आग्रह दुसरा पक्ष धरेल, तेव्हा 'मोठ्यांनी नको सांगितलंय' एवढ्यावर तुझा निभाव लागणार नाही.

कीर्तनकार म्हणून तू उभा राहतोस ती गादी नारदाची. आजोबांच्या वयाचा माणूस तिथे येऊन तुझ्या पायावर डोकं ठेवतो, ते तुझ्यासाठी नसतं. दोन तास माणसं समोर बसतात, पण मध्येच उठून 'महाराज, हे पटलं नाही' असं कुणी म्हणत नाही. कीर्तनाची ती रीतच नाही. सभेत माणूस शिट्टी मारतो, प्रश्न विचारतो, चप्पल घालून निघून जातो, दुसऱ्या दिवशी विरोधकाची सभा ऐकतो. कीर्तनात ऐकणाऱ्याचे हात जोडलेले असतात. जोडलेल्या हातांकडून मत मागणं गैर आहे, पक्ष कोणताही असो.

आता पक्षाला तू कशाला हवास तेही ओळखून ठेव. सभा भरवायची तर गाड्या, जेवण, माणसं गोळा करणारे गावोगावचे कार्यकर्ते लागतात. काल्याला दोन-तीन हजार माणूस, त्यात निम्म्या बाया, आपल्या पायांनी येऊन महाप्रसादापर्यंत थांबतो. मंडप, स्पीकर, नाही तर शेवटच्या पंगतीचा खर्च उचलला की एवढी गर्दी आयती मिळते.

याचा अर्थ तू फक्त वैकुंठाचं बोलावंस असा नाही. गाडगेबाबांच्या कीर्तनात कर्ज होतं, दारू होती, देवापुढे कापलेला बोकड होता, पोरांची शाळा होती. त्यांची पद्धत बघ. ते समोरच्यांना प्रश्न विचारत आणि उत्तर वदवून घेत. ऐकणाऱ्याला तोंड उघडायला लावत. आपल्या जिल्ह्यात उसाच्या बिलावर बोलायला तुला कुणाची हरकत नाही. ऊस कारखान्यात पोचल्यापासून चौदा दिवसांत पैसे द्यायचे, उशीर झाला तर वर्षाला पंधरा टक्के व्याज, हे १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशात आहे. हे खुशाल सांग, पण सगळ्या कारखान्यांना लावून सांग. एकाच चेअरमनचं नाव घेतलंस आणि दुसऱ्याचं गिळलंस, तर ते कीर्तन राहत नाही, प्रचार होतो. कसोटी सोपी आहे: तेच वाक्य समोरच्या पक्षाच्या गावात, त्यांच्या सप्ताहात तू तसंच म्हणशील का?

'अजून आचारसंहिता लागलेली नाही' असं आयोजक म्हणतात, ती त्यांची मोठी चूक आहे. १९८८ चा धार्मिक संस्था (गैरवापर प्रतिबंध) कायदा बारा महिने लागू असतो. देवस्थानाची जागा, देवस्थानाचा पैसा, त्याच्या नावाने भरलेला उत्सव किंवा मिरवणूक, यांतलं काहीच राजकीय कामाला वापरता येत नाही. शिक्षा पाच वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजारांपर्यंत दंड. ती पहिल्यांदा कुणावर येते? विश्वस्तांवर. तू बोलून रात्रीच पुढच्या गावाला जाशील. मागे अध्यक्ष म्हणून ज्या म्हाताऱ्याची सही आहे त्याला पोलीस ठाण्यात बसावं लागेल. आयोजकांना हे शांतपणे सांग. बहुतेकांना हा कायदाच ठाऊक नसतो, आणि कळल्यावर निम्मा आग्रह तिथेच गळतो.

विधानसभेची निवडणूक प्रत्यक्ष लागली की लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम १२३ येतं. देव कोपेल असा धाक घालणं आणि धर्माच्या नावाने मत मागणं हे दोन्ही त्यात भ्रष्ट आचार ठरतात. २ जानेवारी २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांनी, चार विरुद्ध तीन अशा बहुमताने, उमेदवाराच्या धर्माइतकाच मतदाराचा धर्मही त्यात धरला. 'मी तर उमेदवार नाही' ही पळवाटही धरू नकोस. विलेपार्ल्याच्या १९८७ च्या पोटनिवडणुकीत रमेश प्रभूंची निवड धर्माच्या नावाने मत मागणाऱ्या भाषणांमुळे रद्द झाली, १९९५ ला सर्वोच्च न्यायालयाने ते कायम केलं, आणि भाषण करणाऱ्या बाळासाहेब ठाकरेंचा मतदानाचा हक्क सहा वर्षांसाठी गेला. ते त्या निवडणुकीत उमेदवार नव्हते.

घोटाळा नेमका कुठे होतो ते बघ. अभंगाचं दुसरं चरण चाललंय, पखवाज रंगात आलाय, आणि मंडपामागे हॉर्न वाजतात. तीन गाड्या. पुढच्या रांगेतली माणसं माना वळवतात, आयोजक बाजूने हाताने खुणावतो, टाळकऱ्यांचे टाळ आपोआप मंद होतात. शाल-नारळ आधीच ताटात तयार. तू क्षणभर थांबलास की माईक तुझ्या हातातून गेला. मग नेत्यांचे 'दोन शब्द' पाऊण तास चालतात, आणि शेवटी तूच त्यांना आशीर्वाद देताना फोटो निघतो. दुसऱ्या दिवशी मोबाइलवर फिरतो तो तेवढाच फोटो. सप्ताहात वीणा सात दिवस खाली ठेवत नाहीत, पहारेकरी आळीपाळीने उभे राहतात. मग कीर्तन कुणासाठी खाली ठेवायचं? थांबू नकोस. 'विठ्ठल विठ्ठल' गजर धर, टाळकऱ्यांना आधीच सांगून ठेव की गाड्या आल्या तरी लय सोडायची नाही. नेता भला असेल तर येऊन खाली सतरंजीवर बसेल. बरेचसे बसतात.

हे त्या दिवशी जमत नाही, तारीख घेतानाच ठरवावं लागतं. पत्रिका छापण्याआधी तिचा मजकूर मागून घे. 'प्रमुख उपस्थिती'त पुढाऱ्याचं नाव आणि खाली कीर्तनकार म्हणून तुझं, असं असेल तर तिथेच अडव. सत्कार करायचाच असेल तर हरिपाठाच्या आधी उरकावा. मंडपात पक्षाचा झेंडा, चिन्ह, कटआउट नको. अन्नदात्यांची नावं पदं न लावता एका दमात वाचायची. बिदागी समितीने द्यावी, पावतीवर सही घेऊन. पुढाऱ्याच्या माणसाने गाडीपाशी दिलेलं पाकीट घेऊ नकोस, आणि त्याच्या गाडीतून प्रवासही करू नकोस. पूर्ण कीर्तनाचं रेकॉर्डिंग स्वतःकडे ठेव, कारण अर्ध्या मिनिटाची कापलेली क्लिप फिरायला लागली की दुसरा पुरावा नसतो.

तू नागरिक आहेस. मत दे, हवं तर निवडणूकही लढव. पण मग गादीवरून उतरून लढव. माझ्या मते उमेदवारी मागण्याआधी किमान एक वर्ष कीर्तनं बंद हवीत. स्वामी रामानंद तीर्थांनी १९३२ ला संन्यास घेतला, हैदराबादचा लढा चालवला, १९५२ ला गुलबर्ग्यातून आणि १९५७ ला औरंगाबादेतून लोकसभेत गेले. भगवे वस्त्र होतं, पण लोक त्यांना हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेचे मास्तर आणि संघटनेचे कार्यकर्ते म्हणून ओळखत होते.

आपल्या सोलापूरचं २०१९ आठव. गौडगावचे मठाधिपती जयसिद्धेश्वर महास्वामी राखीव लोकसभा मतदारसंघातून दीड लाखाहून अधिक मतांनी निवडून आले. फेब्रुवारी २०२० मध्ये पडताळणी समितीने त्यांचा जातीचा दाखला अवैध ठरवला, प्रकरण कोर्टात गेलं, आणि २०२४ ला पक्षाने तिकीट दुसऱ्याला दिलं. दाखल्याचा वाद बाजूला ठेव. ज्यांच्या पायावर भक्त डोकं ठेवत होते त्यांची जात कोणती, यावर चहाच्या टपरीवर वर्षानुवर्षं चर्चा झाली, याचं मला वाईट वाटतं. पण निवडणुकीत हे प्रश्न विचारण्याचा लोकांना हक्कच आहे. उमेदवाराला प्रतिज्ञापत्रात जमीन, सोनं, कर्ज, गुन्हे सगळं लिहावं लागतं. मठाची जमीन महाराजांच्या वैयक्तिक नावावर असेल तर तीही तिथे उघडी पडते, आणि शिष्यांनी दिलेलं दान मालमत्ता म्हणून वाचलं जातं.

आयोजकांना फोन करू नकोस, फोनवर तू विरघळशील. व्हॉट्सॲपवर असं लिही: 'काल्याची सेवा आनंदाने करतो. कीर्तनात कुणाही पक्षाचा किंवा उमेदवाराचा उल्लेख होणार नाही, माईक दुसऱ्या कुणाकडे जाणार नाही, सत्कार हरिपाठाआधी व्हावेत. हे जमत नसेल तर दुसऱ्या महाराजांना तारीख द्यावी, माझा राग नाही.' गुरुवारच्या आत पाठव. पत्रिका एकदा प्रेसला गेली की मग कुणी बदलत नाही.