प्लॅन मंजूर नव्हताच, स्लॅब टाकून झाला, नोटीस आली, आता आर्किटेक्टची उरलेली फी द्यायची का?

ताई, आधी एकच सांगते, उरलेली फी आत्ता देऊ नका आणि त्या माणसाशी फोनवर भांडत पण बसू नका, जे काही बोलायचं ते लेखी.

बाकीच्यांना कळावं म्हणून थोडक्यात प्रकरण असं. महाराष्ट्रातल्या एका नगरपरिषदेच्या हद्दीत ताईंच्या स्वतःच्या नावावर तळमजल्याचं घर आहे, वर दोन खोल्या काढायच्या म्हणून गावातल्याच ओळखीतल्या एका आर्किटेक्टला काम दिलं, करारनामा वगैरे काही नाही, सगळं तोंडी नाहीतर व्हॉट्सअ‍ॅपवर, अर्ध्याहून जास्त फी यूपीआयने गेली. ‘प्लॅन पास झाला, काम चालू करा’ असा त्याचा मेसेज आला म्हणून यांनी स्लॅब टाकला आणि आता एमआरटीपी कायद्याच्या (महाराष्ट्राचा नगररचना कायदा) कलम ५३ ची, म्हणजे विनापरवाना बांधकाम काढून टाका अशी नोटीस दारात. ऑफिसात चौकशी केली तर फाइल नुसती सबमिट झालेली, त्रुटी निघाल्यात, त्याचं उत्तरच दिलेलं नाही. तो म्हणतो बाकीचे पैसे द्या मग मी बघून घेतो, नाहीतर ड्रॉइंग मिळणार नाहीत.

यात दोन वेगळी भांडणं आहेत, तुम्ही ती एकत्र करताय. एक नगरपरिषदेशी, एक त्या माणसाशी. नगरपरिषदेचं आधी, कारण तिथे मुदत पळतेय.

नगरपरिषदेपुढे ‘आर्किटेक्टने सांगितलं म्हणून बांधलं’ हा बचाव चालत नाही, मालक तुम्ही, जबाबदारी तुमची. कलम ५२ खाली विनापरवाना बांधकामाला तीन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे, हे घाबरवायला सांगत नाहीये, नोटीस ड्रॉवरमध्ये ठेवून देऊ नये म्हणून सांगतेय. याच कलम ५३ मध्ये वाट पण दिलेली आहे, नोटिशीतल्या मुदतीच्या आत बांधकाम राहू द्यावं म्हणून कलम ४४ खाली परवानगीचा अर्ज करता येतो. तो अर्ज करा, सोबत नोटिशीला लेखी उत्तर द्या, सुनावणी मागा, आणि तुमच्या प्रतीवर आवक क्रमांक नि शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. तोवर वरचं काम पूर्ण बंद, एक वीटही नाही, नोटिशीनंतर काम चालू दिसलं की पुढे तुमचं कोणी ऐकून घेत नाही.

सुप्रीम कोर्टाने १३ नोव्हेंबर २०२४ ला निर्देश दिलेत की पाडण्याआधी किमान १५ दिवसांची नोटीस, बाजू मांडायची संधी आणि कारणांसकट लेखी आदेश पाहिजे, तेव्हा उद्या सकाळी बुलडोझर येईल या भीतीने रात्र जागू नका. पण दिवाणी कोर्टातून स्टे आणू या भरवशावरही राहू नका, याच कायद्याच्या कलम १४९ मध्ये अशा आदेशांना दिवाणी कोर्टात आव्हान द्यायला मनाई आहे, त्यामुळे तो रस्ता बराच अरुंद आहे.

आणि कोणीतरी तुम्हाला नक्की सांगेल की ऑफिसने ६० दिवसांत उत्तर दिलं नाही म्हणजे परवानगी मिळाल्यातच जमा. नाही हो. कलम ४५ मधली मानीव परवानगी बांधकाम नियमात बसत असेल तरच, आणि ऑफिसने त्रुटी कळवल्या असतील तर ते ६० दिवस तुम्ही उत्तर दिल्यापासून मोजतात. तुमच्या केसमध्ये उत्तरच गेलेलं नाही.

मग खरा प्रश्न हा की वरच्या खोल्या नियमात बसतात का. युनिफाइड डीसीपीआर (राज्याची बांधकाम नियमावली) प्रमाणे एफएसआय, म्हणजे प्लॉटवर किती बांधकाम चालतं तो हिशोब, किती शिल्लक आहे, बाजूची नि मागची मार्जिन, म्हणजे मोकळी सोडायची जागा, सुटलीय का, हे नवीन आर्किटेक्ट किंवा लायसन्स्ड इंजिनिअरकडून जागेवर टेप लावून मोजून घ्या. बसत असेल तर चार्जेस भरून नियमित होण्याची आशा आहे, बाल्कनीचा तुकडा मार्जिनमध्ये गेला असेल तर तेवढा स्वतःहून काढायची तयारी ठेवा, बाकीचं वाचेल. अजून एक, हे मला सगळ्यात जास्त टोचतंय, तुम्ही लिहिलंय की जुन्या घराला कॉलम नाहीत, भिंतींवरच स्लॅब आहे, आणि फाउंडेशन कोणी तपासलंच नाही. परवानगीचं काय व्हायचं ते होवो, आधी स्ट्रक्चरल इंजिनिअर बोलवा आणि त्याचा स्टॅबिलिटी रिपोर्ट हातात येईपर्यंत त्या नव्या स्लॅबखाली कोणाला झोपवू नका.

आता तो माणूस. पहिलं काम, कौन्सिल ऑफ आर्किटेक्चर, म्हणजे आर्किटेक्टची नोंदणी ठेवणारी संस्था, तिच्या वेबसाइटवर त्याचं नाव शोधा, रजिस्ट्रेशन नंबर सीए या अक्षरांनी सुरू होतो, पुढे वर्ष असतं. नाव सापडलं नाही तर तो १९७२ च्या आर्किटेक्ट्स कायद्याप्रमाणे स्वतःला आर्किटेक्ट म्हणवूच शकत नाही. मात्र घराचे नकाशे काढणं हे बिनरजिस्टर माणसाला बंद नाही, बंदी फक्त ‘आर्किटेक्ट’ हे नाव लावण्यावर आहे, सुप्रीम कोर्टाने २०२० मध्ये हे स्पष्ट केलंय, म्हणून नुसता ‘तो बोगस आहे’ एवढ्यावर पैसे परत मिळत नाहीत. रजिस्टर्ड असेल तर कौन्सिलकडे गैरवर्तनाची तक्रार करा, ताकीद मिळू शकते, नाव काढलं पण जाऊ शकतं, पण पैसे कौन्सिल देत नाही.

पैशांसाठी जिल्हा ग्राहक आयोग. करारनामा नाही याचं टेन्शन घेऊ नका, तोंडी करारही करारच असतो, यूपीआयच्या नोंदी आणि ‘प्लॅन पास झाला’ हा मेसेज हाच तुमचा पुरावा, तो फोन विकू नका, फॉरमॅट करू नका, चॅट एक्सपोर्ट करून ठेवा, दाखल करताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं, म्हणजे डिजिटल पुराव्यासाठीचं सर्टिफिकेट लागेल. मुदत दोन वर्षं, मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही, तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. त्याआधी वकिलामार्फत नोटीस पाठवा, त्यात दिलेल्या पैशांचा हिशोब मागा, सबमिट केलेल्या फाइलची प्रत मागा, काम काढून घेतल्याचं लिहा. जेवढं काम त्याने खरंच केलंय तेवढ्याची फी तो मागू शकतो, ते नाकारू नका, आयोगाला पण तुमचा सरळपणा दिसतो.

फसवणुकीची पोलीस तक्रार? त्याने खोटं मंजुरीपत्र दाखवलं असेल तर जरूर करा. नुसता खोटा मेसेज असेल तर सुरुवातीपासून फसवायचाच हेतू होता हे दाखवावं लागतं, पोलीस बहुतेक ‘सिव्हिल मॅटर आहे’ म्हणून परत पाठवतील, त्यात आत्ता वेळ घालवू नका.

ड्रॉइंगसाठी त्याच्या पाया पडायची गरज नाही. नकाशांचा कॉपीराइट त्याचा, म्हणून ते तसेच नवीन माणसाला वापरायला देऊही नका, तो स्वतः मोजून नवे काढेल. नवा आर्किटेक्ट नेमताना जुन्याला तसं लेखी कळवायचं, त्याने एनओसी (ना हरकत पत्र) दिली नाही तर तुमच्या कळवल्याची पोच अर्जासोबत जोडा. आणि या वेळी दोन पानी का होईना पण करारनामा करा, फी टप्प्याटप्प्याने, शेवटचा मोठा टप्पा भोगवटा प्रमाणपत्र (राहायला परवानगीचं) हातात आल्यावर, आणि काम सुरू करायचं ते प्रारंभ प्रमाणपत्राची (बांधकाम सुरू करायच्या परवानगीची) प्रत स्वतः ऑफिसात ताडून बघितल्यावरच.

नोटिशीवर तारीख काय आहे ते मला कळवा, आणि नोटिशीच्या दोन्ही बाजूंचा फोटो पाठवा, मागच्या बाजूला बऱ्याचदा मुदत हाताने लिहिलेली असते.