साध्या गिटारवर सळई फिरवून डोब्रोसारखा आवाज येतो का? सोलापुरात हे शिकवणारं कुणी आहे का?

नाही येत. गेली अकरा वर्षं मी हेच आमच्या दाजींना सांगतोय, आता तुम्हालाही सांगतो.

साध्या गिटारची तार लाकडाची पाटी हलवते. डोब्रो म्हणजे पोटात धातूचा कोन, म्हणजे शंकूसारखी पातळ वाटी, बसवलेली गिटार. तिच्यात तार घोडीवर, घोडी आठ पायांच्या धातूच्या कोळ्यावर, आणि कोळ्याचे पाय साडेदहा इंची ॲल्युमिनियमच्या कोनच्या काठावर. बोलतो तो कोन, आणि तो इतका पातळ की अंगठ्याने दाबला तर पोचा पडेल. विजेची गिटार येण्याआधी बँडच्या गलक्यात गिटार ऐकूच यायची नाही, म्हणून जॉन डोपयेरा या स्लोव्हाक कारागिराने १९२७ साली अमेरिकेत तीन कोनांची गिटार आणली. मग तो भावांबरोबर वेगळा झाला आणि एका कोनची डोब्रो निघाली. 'डोपयेरा ब्रदर्स'चं ते लघुरूप, आणि स्लोव्हाकमध्ये 'डोब्रो' म्हणजे चांगलं. दाजींनी पहिल्यांदा माझ्या डोब्रोचं झाकण काढलेलं बघितलं तेव्हा विचारलं होतं, "मग पिठलं कशात करतोस?"

दाजी म्हणजे ताईचे यजमान. पूर्व भागात तीस वर्षं यंत्रमागावर जॉबर होते, माग बंद पडला की मालक आधी त्यांना हाक मारायचा. वर भजनी मंडळात गातात. त्यामुळे यंत्र आणि सूर या दोन्हींत शेवटचा शब्द त्यांचा.

एका वर्षी कोजागिरीला आमच्या गच्चीवर भजन होतं. दाजींनी भीमपलास धरला. आता डोब्रोच्या मोकळ्या तारा म्हणजे सा ग प सा ग प, आणि ग शुद्ध. भीमपलासात लागतो कोमल. दोन्ही ग च्या तारा तळहाताने मुक्या करून शेजारच्या तारेवर तिसऱ्या पडद्यावर कोमल ग शोधत बसायचा, तोही सळई नेमकी पडद्याच्या पट्टीवर आली तर. मी घाम गाळून हे जमवत होतो, तेवढ्यात खालच्या सा ला खरखर सुटली. दाजींनी हात वर केला. मंडळ थांबलं. दूध उकळत होतं तेवढाच आवाज.

"आण हिकडं. काय बी नसतंय, स्क्रू ढिला झाला असंल."

कोळ्याच्या मधोमध एक स्क्रू असतो, तो कोनच्या टोकाला धरून ठेवतो. टेकला की थांबायचं, फार तर अर्धा वळसा. दाजींनी तो मागाचा बोल्ट आवळावा तसा आवळला. खरखर गेली हे खरं. आवाजही गेला. कोनचा मधला भाग वर ओढला जाऊन दुमडला होता. पंधरा माणसांसमोर मी गिटार खोळीत घातली आणि मसाला दूध वाटायला लागलो. ताईने माझ्या पेल्यात जास्तीचे बदाम घातले, त्याने आणखीच लागलं.

नवा कोन बाहेरून मागवावा लागला. तो येईपर्यंत दोन महिने दाजी भेटेल तिथे म्हणायचे, "म्हणून म्हणतो, साध्या गिटारवर वाजव. हाय काय त्यात येगळं?" दाजी, कोन तुम्ही मोडलात. जॉबरने आधी यंत्र काय आहे ते बघायचं असतं.

बरं, तुमचा प्रश्न. सोलापुरात डोब्रो शिकवणारं मला तरी कुणी भेटलेलं नाही. गिटारच्या क्लासात विचाराल तर हवाईयन गिटारवरची जुनी हिंदी गाणी किंवा विश्वमोहन भट्टांची मोहनवीणा सांगतील. मांडीवर आडवी घेणं आणि सळई एवढंच साम्य, मोहनवीणेत कोन नसतो. अमेरिकेतला डोब्रोवादक जेरी डग्लस ऐका, वेग कमी करून ऐका. भजनी मंडळाच्या पेटीवर सूर लावायची सवय ठेवा, सळईला पडदे अडवत नाहीत, त्यामुळे बेसूर व्हायला वेळ लागत नाही.

एक मात्र राहिलं. पहिली तीन वर्षं मी स्वतः साध्याच गिटारवर शिकलो. नटवर, म्हणजे मानेच्या टोकाला तारा टेकतात तिथे, उंच करणारी पट्टी बसवली, तारा वर उचलल्या, मांडीवर आडवी घेतली. त्यामुळे तुमच्याकडे जी आहे तिच्यावर सुरुवात करायला काहीच हरकत नाही. फक्त सगळ्यात जाड दोन, खालच्या सा आणि ग च्या, तारा जास्त ताणाव्या लागतात, गिटार जुनी असेल तर घोडी उखडेल, म्हणून सगळ्याच दोन सूर खाली लावा. सळई जड घ्या. आणि दाजींना यातलं काही कळवायचं कारण नाही.