पेडण्याहून हरमलपर्यंत रेल्वेचा फाटा काढणं शहाणपणाचं ठरेल का?

तुम्ही विचारलंय, कोकण रेल्वे गोव्यात पेडण्यावरून जातेच, तर तिथून किनाऱ्यावरच्या हरमल-केरीपर्यंत प्रवासी गाडीसाठी छोटा फाटा का काढू नये? पर्यटकांची सोय होईल, रस्त्यावरची गर्दी हटेल आणि किनाऱ्यावरच्या गावांनाही गाडी मिळेल.

मी हरमलशेजारच्या मांद्र्याचा. नोकरी पणजीत आहे आणि घरातलं कोणी ना कोणी रोज बसमध्ये असतं, त्यामुळे हा विषय माझ्या अगदी जिव्हाळ्याचा. माझं मत स्पष्ट आहे: नवे रूळ नकोत. गाड्या हव्यात, जास्त हव्यात, पण त्या आज आहेत त्याच रुळांवर.

आधी जमिनीचं बोलू. पेडणे स्टेशन आहे मालपेच्या अंगाला, महामार्गाजवळ. तिथून हरमल बारा-पंधरा किलोमीटर. नकाशावर हे अंतर किरकोळ वाटतं. पण मध्ये काय आहे ते बघा. कोरगाव, पालये, पार्से या बाजूला जांभ्याचे सडे, म्हणजे उंच सपाट पठारं, त्यांच्या उतारावर काजूच्या बागा आणि सड्यांच्या पायथ्याला खाजन, म्हणजे खाडीकाठची बांध घालून राखलेली शेती. रस्ता सडा चढतो, वळतो, उतरतो. रेल्वेला ते जमत नाही. कोकण रेल्वे आखताना चढ दीडशे मीटरला एक मीटर, एवढाच ठेवला होता. त्या हिशोबाने साठ मीटर उंचीचा सडा चढायला नऊ किलोमीटर लागतात. फाट्याला जरा जास्त चढ चालवून घेतला, शंभराला एक, तरी सहा किलोमीटर. म्हणजे बारा-पंधरा किलोमीटरच्या फाट्यातला बराचसा भाग चढण्या-उतरण्यातच जाणार. नाहीतर सडा कापा, बोगदा खणा, किंवा खाजनातून भराव घाला.

बोगद्याचं नाव काढलं की पेडणेकराला आपलाच बोगदा आठवतो. रोहा ते मंगळूरजवळचं ठोकूर हा सुमारे ७४० किलोमीटरचा मार्ग अखंड सुरू झाला जानेवारी १९९८ मध्ये, आणि शेवटपर्यंत अडून राहिला होता तो पेडण्याचा बोगदा. वर जांभा, खाली पाण्याने भिजलेली मऊ माती. खणलेलं पुन्हा ढासळायचं. ऑगस्ट २०२० मध्ये त्याच बोगद्यातल्या भिंतीचा भाग कोसळला आणि गाड्या पुणे, मिरज, लोंढामार्गे फिरवाव्या लागल्या. जुलै २०२४ मध्ये आत पाणी आणि चिखल आला, वाहतूक पुन्हा थांबली. एवढ्या मोठ्या मार्गासाठी हा खर्च आणि ही देखभाल परवडते, कारण त्यावरून मुंबई ते केरळ अख्खी वाहतूक जाते. हरमलच्या फाट्यावरून कोण जाणार?

खाजनाचं तर त्याहून नाजूक. खाडीचं खारं पाणी बांधाने अडवायचं, मानशीच्या, म्हणजे बांधातल्या पाणी सोडायच्या वाटेच्या, दारांनी भरती-ओहोटीप्रमाणे आत-बाहेर सोडायचं, पावसाळ्यात भात आणि नंतर मासळी. ही व्यवस्था शेकडो वर्षं गावांनी सांभाळली आहे. तिच्या मधून रेल्वेचा भराव गेला की पाण्याच्या वाटा तुंबतात. त्याखाली दोन-चार मोऱ्या ठेवल्याने काम भागत नाही, कारण पाणी इथे दोन्ही दिशांनी वाहतं. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला गोव्यात कोकण रेल्वेचा मार्ग बदला म्हणून जे मोठं आंदोलन झालं, त्यात खाजन जमिनी हा एक मुख्य मुद्दा होता. तेव्हा मार्ग शेवटी तसाच राहिला. आज पुन्हा तोच प्रश्न एका छोट्या फाट्यासाठी उघडायचा, तोही अशा तालुक्यात जिथे मोपा विमानतळ आणि त्याच्या जोडरस्त्यासाठी लोकांनी नुकत्याच जमिनी दिल्यात? शिवाय पेडण्यात कूळ-मुंडकाराचे (मुंडकार म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीवर घर करून राहणारा) दावे मामलेदार कचेरीत वर्षानुवर्षं पडून असतात. जमीन कोणाची हेच ठरलं नसेल, तर भरपाई कोणाच्या हातात जाणार, हा प्रश्न माझ्या शेजाऱ्यापाजाऱ्यांना रात्रीची झोप लागू देत नाही.

आता प्रवासी. २०११ च्या जनगणनेत अख्ख्या पेडणे तालुक्याची लोकसंख्या सुमारे पाऊण लाख होती. हरमल, केरी, पालये, मांद्रे मिळून त्यातला काही भाग. आठ डब्यांच्या लोकल गाडीत सहाशेच्या आसपास लोक बसतात, म्हणजे बारा बसगाड्या एकदम. एवढी माणसं सकाळी एकाच वेळी, एकाच ठिकाणाहून, एकाच दिशेने निघत नाहीत. कोणी म्हापशाला, कोणी तुयेंच्या औद्योगिक वसाहतीत, कोणी मोप्याला, कोणी पणजीला. पर्यटक येतात ऑक्टोबर ते मे, आणि त्यातले पुष्कळजण स्टेशनवर उतरल्यावर आधी हॉटेल गाठतात, मग भाड्याची दुचाकी घेऊन फिरतात. जूनमध्ये शॅक, म्हणजे किनाऱ्यावरच्या खाण्यापिण्याच्या झोपड्या, मोडले की हरमलचा किनारा ओस पडतो. चार महिने रिकामी गाडी चालवायची?

पैशाचंही बघा. रेल्वेच्या तिकिटांवर छापलेलं असायचं की प्रवासाच्या खर्चापैकी सरासरी ५७ टक्केच भाड्यातून वसूल होतात. बाकीची तूट मालवाहतूक भरून काढते. गोव्यात किनाऱ्यालगत रेल्वे आहेच: वास्को, दाभोळी, सांकवाळ, कांसावली, माजोर्डा. तिथली छोटी गाडी तिथल्या लोकांना प्रिय आहे, आणि मलाही तो प्रवास फार आवडतो. पण ती लाइन कांसावलीच्या माणसांसाठी कोणी बांधली नाही. १८७८ मध्ये ब्रिटिश आणि पोर्तुगीज सरकारांत करार झाला, आणि मुरगाव बंदराला घाटावरच्या प्रदेशाशी जोडण्यासाठी पुढच्या दशकात रूळ पडले. बंदराच्या मालावर लाइन जगली आणि गावकऱ्यांना त्यात जागा मिळाली. हरमलला असा माल नाही, आणि नसावा असंच मला वाटतं. आज त्याच पट्ट्यात, वेळसाव-कांसावलीत, लोक दुपदरीकरणाला विरोध करतायत, कारण घराच्या दारातून कोळशाच्या गाड्या जातील याची त्यांना भीती आहे. एकदा रूळ पडले की त्यावरून पुढे काय न्यायचं हे गाव ठरवत नाही.

आणखी एक गोष्ट बाहेरच्यांच्या लक्षात येत नाही. राज्याची राजधानी पणजी, तिथे रेल्वे स्टेशन नाही. करमळीला उतरून पुढे जावं लागतं. बार्देशची बाजारपेठ म्हापसा, तिथेही नाही. थिवी गाठावी लागते. गोव्यात नवे रूळ टाकायचेच झाले, तर म्हापसा-पणजी या सगळ्यात गर्दीच्या वाटेचा विचार आधी व्हायला हवा. हरमलचा नंबर त्यानंतरही बराच मागे. सगळ्या कोकणाची रीत हीच आहे: मालवणला रेल्वे नाही, कुडाळला आहे, वेंगुर्ल्याचा माणूस कुडाळ किंवा सावंतवाडीला उतरतो. किनारा आणि स्टेशन यांच्यामधलं अंतर बसने तोडायचं.

आमची खरी अडचण इथेच आहे. पेडण्याला गाडी थांबते, पण बाहेर आल्यावर हरमलची बस उभी नसते. मग टॅक्सी करा, नाहीतर पायलट, म्हणजे भाड्याने नेणारा मोटरसायकलवाला, शोधा. कित्येकदा तर टॅक्सीचं भाडं मुंबईहून आलेल्या तिकिटापेक्षा जास्त होतं. टॅक्सीवाल्यांना मी दोष देत नाही, त्यांनाही हंगाम संपला की बसूनच राहावं लागतं. पण सार्वजनिक बस ही सरकारची जबाबदारी आहे. कदंब या गोव्याच्या सरकारी बससेवेच्या छोट्या बसगाड्या पेडणे स्टेशन, कोरगाव, हरमल, मांद्रे अशा फिरवल्या, आणि गाडी उशिरा आली तर बसने थांबायचं असा नियम केला, तर निम्मा प्रश्न सुटतो. आज बस घड्याळाने सुटते आणि गाडी तिच्या मर्जीने येते.

उरलेला निम्मा प्रश्न गाड्यांचा. सावंतवाडी ते मडगाव या पट्ट्यात कामाच्या वेळा धरून लोकल गाड्या हव्यात. सिंधुदुर्गातून किती माणसं रोज गोव्यात नोकरीला येतात, किती पेशंट बांबोळीच्या गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात, येतात! बांदा-सावंतवाडीचा म्हातारा माणूस पहाटेची बस धरून ओपीडी गाठतो, तेव्हा मला खरंच वाईट वाटतं. सकाळी साडेआठला करमळीत पोचणारी आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास परतणारी एक गाडी आली, आणि तिला करमळीहून बांबोळीची बस जोडली, तर पेडणे, थिवी, मडुरे, सावंतवाडी सगळ्यांचं आयुष्य बदलेल. अडचण अशी की मार्ग एकेरी आहे. पॅसेंजर गाडी क्रॉसिंगला पडली की एक्सप्रेस जाईपर्यंत हलत नाही, आणि मग कामावर जाणारा माणूस तिच्यावर भरवसा ठेवत नाही. रोहा ते वीर दुपदरीकरण २०२१ मध्ये झालं. तेच काम सावंतवाडी-मडगाव पट्ट्यात, निदान टप्प्याटप्प्याने, व्हावं. पण तेही आमच्या जमिनी आणि पाण्याच्या वाटा तपासून, आणि ग्रामसभांना आधी विचारून.

म्हणून तुम्ही कुठे निवेदन देणार असाल, तर फाट्याऐवजी दोन गोष्टी मागा: कामाच्या वेळेची सावंतवाडी-मडगाव लोकल आणि प्रत्येक गाडीला जोडलेली हरमलची बस. बस तर पुढच्या महिन्यातही सुरू करता येईल, त्यासाठी कोणाची जमीन घ्यावी लागत नाही.