आधी टॉप कॅप, मग स्टेम

सिंहगडाचा घाट सायकलने उतरताना पुढचा ब्रेक दाबला की हँडलच्या मुळाशी 'टक' होतं, वरच्या झाकणाचा, म्हणजे टॉप कॅपचा, बोल्ट दोनदा आवळला तरी फरक नाही, असं तुम्ही लिहिलंय. फरक पडणारच नाही. स्टेमचे (हँडल सायकलच्या पुढच्या नळीला जोडणाऱ्या तुकड्याचे) बाजूचे बोल्ट घट्ट असताना टॉप कॅप कितीही पिळा, बेअरिंगवर दाब येतच नाही. आणखी जोर लावलात तर नळीच्या आतला स्टार नट, ज्यात हा बोल्ट बसतो, वर ओढला जाईल. टॉप कॅपचं काम फक्त प्ले (ढिलेपणा) काढायचं. हँडल धरून ठेवतात ते बाजूचे बोल्ट. हे नीट होईपर्यंत घाटात जाऊ नका.

आधी दोष कुठे आहे ते बघा. पुढचा ब्रेक दाबून धरा, दुसऱ्या हाताची बोटं फोर्क (पुढचं चाक धरणारा चिमटा) फ्रेमला भिडतो त्या खालच्या सांध्यावर ठेवा आणि सायकल पुढे-मागे हलवा. हेडसेट (फोर्क ज्यावर वळतो तो बेअरिंगचा संच) ढिला असेल तर बोटाखाली बारीक सरकल्यासारखं लागतं. डिस्क ब्रेकचे पॅडही थोडे हलतात आणि फसवतात, म्हणून चाक आडवं वळवून परत एकदा हलवून बघा.

आता स्टेमचे दोन्ही बाजूचे बोल्ट सैल करा. टॉप कॅप पाव-पाव फेरा आवळा आणि दर वेळी बोटाने तपासा. प्ले गेला की थांबा. पुढचं चाक उचलून सायकल किंचित कलती केली की हँडल आपल्या वजनाने वळलं पाहिजे. अडकलं तर जास्त आवळलंय. मग स्टेम चाकाच्या रेषेत आणून बाजूचे बोल्ट आळीपाळीने आवळा. किती, ते बहुतेक स्टेमवर छापलेलं असतं, साधारण ५-६ न्यूटन-मीटर. शेवटी चाक गुडघ्यांत धरून हँडल पिळून बघा. स्टेम घसरता कामा नये.

तरीही प्ले राहिला तर कॅप काढून बघा. स्टीअररची नळी (फोर्कची वर स्टेममध्ये जाणारी) स्टेमच्या वरच्या कडेपेक्षा सुमारे ३ मिमी खाली हवी. नळी कॅपला टेकत असेल तर एक स्पेसर (नळीवर बसणारी जाड रिंग) वाढवा. (जुन्या सायकलींना टॉप कॅप नसते. तिथे वरची वाटी एका पान्याने धरून दुसऱ्याने तिच्यावरचा चेकनट आवळायचा. चेकनट आवळताना वाटी थोडी खाली दबते, म्हणून आधी ती किंचित सैल ठेवायची.)

ढिल्या हेडसेटवर मी एक अख्खा पावसाळा सायकल चालवली. उघडली तेव्हा खालच्या बेअरिंगमधून तपकिरी पाणी आलं आणि ग्रीसचा पत्ता नव्हता. पुढच्या चाकाने उडवलेला चिखल थेट तिथेच जातो, मडगार्ड नसेल तर जास्तच. रेसवर, म्हणजे छरे फिरतात त्या कड्यावर, छऱ्यांचे खड्डे पडले होते. हँडल बरोबर मध्यावर आलं की खाचेत बसल्यासारखं थांबायचं. तुमचं तसं होत असेल तर ग्रीसने भागणार नाही, बेअरिंगच बदला. कार्ट्रिज (छऱ्यांसकट बंद असलेलं एकसंध बेअरिंग) असेल तर त्यावर ३६×४५ असे कोनाचे आकडे असतात. जुनं बेअरिंगच दुकानात घेऊन जा.

तेव्हापासून दसऱ्याला सायकलची पूजा करायच्या आधी मी फोर्क उतरवतोच. फोर्क ब्रेकच्या केबलवर लोंबकळू देऊ नका. स्पेसर आणि रिंगांचा क्रम मोडण्याआधी फोटो काढून ठेवा, कारण खालची रिंग उलटी बसली तर सगळं पुन्हा खोलावं लागतं.

बोटाला काय लागलं ते कळवा, म्हणजे पुढचं सांगता येईल.